चोवीस–एकोणीस

‘पानिपत झालं’ असं मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याला साल सांगावं लागत नाही. ब्राझीलमध्ये व्हॉलीबॉल पाहत वाढलेल्या पिढीकडे असाच एक आकडा आहे: २४–१९. स्पर्धा, गाव, समोरचा संघ, काही जोडावं लागत नाही. २६ ऑगस्ट २००४, गुरुवार. अथेन्स ऑलिम्पिक, महिला व्हॉलीबॉलची उपांत्य फेरी, ब्राझील विरुद्ध रशिया. सेटमध्ये ब्राझील दोन–एकनं पुढे, चौथ्या सेटमध्ये २४–१९. अंतिम फेरी एका गुणावर होती. तो एक गुण आलाच नाही.

त्या आकड्याला एका मुलीचं नाव चिकटलं. मारियान स्टाइनब्रेखर. सगळ्यांची मारी. त्या रात्री तिला एकविसावं वर्ष पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते.

घटनाक्रम लिहायचा तर हाताशी घड्याळ हवं, आणि व्हॉलीबॉलला घड्याळच नाही. कबड्डीत आघाडीवर असलेला संघ शेवटच्या चढाया संथपणे खेळून काढतो. फुटबॉलमध्ये चेंडू कोपऱ्यात नेऊन उभं राहता येतं. कसोटीत दिवस मावळेपर्यंत तग धरता येते. व्हॉलीबॉलमध्ये आघाडी पाच गुणांची असो की पंधरा, शेवटचा चेंडू कुणीतरी पलीकडच्या जमिनीवर पाडल्याशिवाय सामना संपत नाही. म्हणून ही उलटी मोजणी आधी वर्षांत, मग तासांत आणि शेवटी गुणांत करावी लागते.

बारा वर्षं आधी

१९९२, बार्सिलोना. त्या ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलच्या व्हॉलीबॉलनं दोन टोकं पाहिली. पुरुषांनी सुवर्ण जिंकलं. सांघिक खेळातलं ब्राझीलचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण, आणि प्रशिक्षक होते अडतीस वर्षांचे जोझे रॉबर्तो गिमाराइस. ‘झे रॉबर्तो’ हे नाव त्या दिवसापासून घराघरात गेलं. महिला उपांत्य फेरीत क्यूबाकडून हरल्या आणि चौथ्या आल्या.

१९९६, अटलांटा. उपांत्य फेरी, समोर पुन्हा क्यूबा, पाच सेट, हार. सामन्यानंतर दोन्ही संघांच्या मुलींमध्ये हाणामारी झाली, इतका तो राग साठलेला होता. कांस्यपदकासाठी ब्राझीलनं रशियाला पाच सेटमध्ये हरवलं. २०००, सिडनी. उपांत्य फेरी, क्यूबा, पाच सेट, हार. पुन्हा कांस्य.

म्हणजे अथेन्सच्या उपांत्य फेरीत उतरलेला संघ नुसता रशियाशी खेळत नव्हता. त्याच्या पाठीवर तीन हुकलेल्या अंतिम फेऱ्या होत्या. दोन कांस्यपदकं ही मोठीच कमाई. पण ज्या देशात पुरुषांचं सुवर्ण आधी येऊन बसलं आहे, तिथे महिलांच्या कांस्याकडे लोक ‘शेवटी कच खातात’ याचा पुरावा म्हणून पाहू लागले होते. पोर्तुगीजमध्ये यासाठी एक क्रियापद आहे, ‘आमारेलार’. शब्दशः पिवळं पडणं, म्हणजे ऐन वेळी भीतीनं गळून जाणं. ब्राझीलचा गणवेश पिवळाच. या मुली अंगावर जो रंग घालून मैदानात उतरायच्या, त्याच रंगाची शिवी त्यांची वाट पाहत होती.

दोन वर्षं आधी

२००२ मध्ये संघ फुटला. तेव्हाचे प्रशिक्षक मार्को औरेलियो मोत्ता यांच्याशी न पटल्यानं अनुभवी खेळाडू राष्ट्रीय संघातून बाहेर पडल्या. त्या वर्षीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्राझील सातव्या क्रमांकावर घसरला. २००३ मध्ये धुरा झे रॉबर्तोंकडे आली. त्यांनी गेलेल्या मुली परत आणल्या आणि थोड्याच महिन्यांत विश्वकरंडक स्पर्धेत, चीनच्या मागे, दुसरं स्थान मिळवून अथेन्सचं तिकीट काढलं.

लिफ्टर फर्नांदा व्हेंतुरिनी परतली. आपल्याकडे मैदानावर लिफ्टर म्हणतात ती, दुसरा हात लावून चेंडू मारणाऱ्याला वाढून देणारी. सेऊल, बार्सिलोना, अटलांटा अशी तीन ऑलिम्पिक तिनं पाहिली होती. अथेन्स चौथं. तिचा नवरा बेर्नार्दिन्यो. अटलांटा आणि सिडनीत महिला संघाचा प्रशिक्षक तोच होता, आता पुरुष संघाला घेऊन तो अथेन्सला आला होता. एकाच घरातून दोन सुवर्णं निघतील असं बोललं जात होतं, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्याच सुमारास

मारीचा जन्म साव पावलोचा, पण ती वाढली पराना राज्याच्या उत्तरेला, रोलांदियात. तांबड्या मातीचा, कॉफीचा मुलूख. १९३० च्या दशकात जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं गाव, ब्रेमेन शहरातल्या रोलांडच्या पुतळ्यावरून नाव ठेवलेलं. स्टाइनब्रेखर हे आडनाव तिथे कुणाला वेगळं वाटत नसणार. सहा फुटांहून उंच, सोनेरी केसांची, ताकदीनं मारणारी मुलगी. साव पावलोला लागून असलेल्या ओसास्कोच्या क्लबमध्ये ती झे रॉबर्तोंच्याच हाताखाली खेळत होती. तिला त्यांनी रोजच्या सरावात पाहिलं होतं, म्हणूनच कोवळ्या वयात ऑलिम्पिकची जागा दिली.

जागाही साधीसुधी नाही. ऑपोझिट. मैदानावर लिफ्टरच्या तिरप्या समोर उभी राहणारी. तिला सहसा सर्व्हिस घ्यावी लागत नाही, कारण तिचं काम एकच: चेंडू मारणं. पहिला पास बिघडला, चेंडू नेटपासून दूर गेला, मधल्या फळीला वेगाचा चेंडू देता येईना, की लिफ्टर मान मागे टाकून तो उंच चेंडू जिच्याकडे सोडते, ती ऑपोझिट. संघाचे सगळे अवघड चेंडू तिच्या वाट्याला येतात. हे ध्यानात ठेवा, कारण त्या रात्रीचा न्याय करताना जवळजवळ सगळा देश हे विसरला.

अथेन्सच्या उंबरठ्यावर, इटलीत, ब्राझीलनं व्हॉलीबॉलची जागतिक ग्रां प्री स्पर्धा जिंकली. चौथ्या प्रयत्नाची तयारी झाली होती.

दोन दिवस आधी

गटातले पाचही सामने ब्राझीलनं जिंकले होते. २४ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत समोर अमेरिका. ब्राझीलनं पहिले दोन सेट घेतले आणि पुढचे दोन सोडले. पाचव्यात मात्र अमेरिकेला उभंच राहू दिलं नाही, १५–६.

या सामन्याकडे तेव्हा कुणी फार वळून पाहिलं नाही. जिंकलो ना, मग झालं. मला मात्र हा पहिला धोक्याचा दिवा वाटतो. दोन सेटची आघाडी घेतल्यावर हात सैल पडतो आणि समोरचा संघ परत येतो, हे शरीराला एकदा कळलं होतं. पाचवा सेट सहज निघाल्यामुळे ते मनापर्यंत पोचलं नाही.

अदमासे दोन तास आधी

पिरेयस, समुद्राजवळचं शांतता आणि मैत्री स्टेडियम. रशियाच्या बाकाजवळ सहासष्ट वर्षांचे निकोलाय कार्पोल. सोव्हिएत संघाला १९८० आणि १९८८ ची सुवर्णं त्यांनीच मिळवून दिली होती. टाइमआउटमध्ये मुलींच्या तोंडावर ओरडणारा माणूस म्हणून जग त्यांना ओळखत होतं. त्यांच्या संघात दोन मीटरहून उंच एकातेरिना गामोवा होती. येवगेनिया आर्तामोनोवा १९९२ पासून ऑलिम्पिक खेळत होती. ल्युबोव्ह शाश्कोवा होती, जिला बहुतेक जग सोकोलोवा या नावानं ओळखतं.

आणि तरीही सुरुवातीला ब्राझीलसमोर त्यांचं काही चालेना. पहिला सेट २५–१८, दुसरा २५–२१.

या दोन सेटमधला ब्राझील हा बायकांच्या व्हॉलीबॉलमधल्या सर्वांत देखण्या संघांपैकी एक होता असं मी म्हणेन. रशियाचं बळ उंचीत होतं, ब्राझीलचं हातांच्या वेगात. व्हेंतुरिनीच्या बोटांतून चेंडू कुठे निघेल याचा अंदाज उंच ब्लॉकला येईपर्यंत तो पलीकडे पडलेला असायचा. मधून वालेव्स्का, कडेनं व्हिर्ना आणि एरिका, उजवीकडून मारी. मागे आर्लेन, लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी, जमिनीला पाठ लागेपर्यंत पळणारी. मारी एकामागून एक गुण घेत होती. सामना संपला तेव्हा तिच्या एकटीच्या नावावर तीसहून अधिक गुण जमा होते. ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत, एकविसाव्या वर्षी.

तासाभरापूर्वी

तिसरा सेट रशियाचा, २५–२२. चिंता करावी इतकं काही घडलं नव्हतं. कार्पोल ओरडत होते, गामोवा उंचावरून मारत होती, ब्राझीलचे पास अधूनमधून नेटपासून दूर जात होते. चांगल्या संघाला एखादा सेट मिळतोच.

अर्ध्या तासापूर्वी

चौथा सेट सुरू झाला. तेव्हाच्या नियमानुसार ८ आणि १६ गुणांवर खेळ आपोआप थांबायचा आणि खेळाडूंना श्वास घ्यायला मिनिटभर मिळायचं. सोळानंतर तशी सक्तीची विश्रांती नाही. उरतात ते प्रत्येक प्रशिक्षकाचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआउट. शेवटच्या चढावर, जिथे पाय सर्वांत जास्त थरथरतात, तिथे बसायला कट्टा नाही.

ब्राझील पुढे सरकत गेला. वीस. बावीस. चोवीस.

२४–१९

इथे थांबतो, कारण सगळा मामला इथेच आहे.

चोविसावा गुण घेणारा संघ सर्व्हिस करतो. जुन्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते बदललं आणि सिडनीपासून ऑलिम्पिकमध्येही प्रत्येक रॅलीला गुण आला. या बदलानं खेळाचा तोल उलटा झाला. वरच्या पातळीवर सर्व्हिस करणारा संघ बहुधा ती रॅली हरतो, कारण समोरच्याला पास, लिफ्ट, स्मॅश असा पहिला हल्ला मिळतो. म्हणून २४–१९ वर, आपली सर्व्हिस असताना, गुण जाणं हे नेहमीचंच. २४–२० झालं तर कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. आता सर्व्हिस त्यांची, म्हणजे पहिला हल्ला आपला. एक चेंडू पाडायचा, बस.

हिशेब मांडून पाहू. समजा, सर्व्हिस घेणारा संघ शंभरातल्या साठ रॅली जिंकतो. मग पहिला गुण सर्व्हिसवर गमावून पुढे लागोपाठ चार वेळा स्वतःचा हल्ला वाया जाण्याची शक्यता शंभरात दीडच्या आसपास येते. कागदावर सामना संपला होता.

पण कागदावर रोटेशन दिसत नाही. सर्व्हिस परत मिळवल्याशिवाय संघ फिरत नाही. २४–२० पासून पुढे रशियाची एकच मुलगी सर्व्हिस करत राहणार, आणि ब्राझीलच्या सहा जणी त्याच सहा जागांवर, त्याच क्रमानं, तोच चेंडू घ्यायला उभ्या राहणार. ज्या मांडणीत गुण गेला तीच मांडणी पुन्हा. चुकलेला हात तोच. समोरचा ब्लॉकही तोच, आणि आता त्याला तुमची सवय कळलेली. शाळेत आमचा संघ असा अडकला की मैदानाबाहेरून सर एवढंच ओरडायचे, “सर्व्हिस तोडा!” मला आजही वाटतं, व्हॉलीबॉलमध्ये याहून अवघड काम नाही. तालुक्याच्या मैदानावर मातीतसुद्धा त्या वेळी पाय जड होतात. तिथे तर ऑलिम्पिक होतं.

२४–२०

पहिला मॅच पॉइंट गेला. रशियाची सर्व्हिस.

२४–२१

दुसरा. शिट्टी झाल्यावर सर्व्हिस करायला आठ सेकंद मिळतात. घेणाऱ्यांसाठीही ती आठच सेकंदं, फक्त त्यांना त्यात करण्यासारखं काही नसतं.

२४–२२

तिसरा. आता हे नेहमीचं राहिलेलं नव्हतं. लिफ्टरच्या डोक्यात या क्षणी काय चालतं याचा विचार करा. मधून वेगाचा चेंडू द्यावा तर पास अचूक हवा, आणि दबावात पास अचूक येत नाही. मग उंच चेंडू, कडेला. कुणाला द्यायचा? जिनं संध्याकाळभर गुण आणले तिला. हा निर्णय चुकीचा नव्हता. जगातल्या कुठल्याही लिफ्टरनं तोच घेतला असता, आणि समोरच्या ब्लॉकलाही तो आधीच ठाऊक होता.

२४–२३

चौथा. त्या काही मिनिटांतले चेंडू मारीकडे आले आणि पडले नाहीत, हे खरं. पण दर वेळी तिच्या आधी एक पास झाला होता, त्यावर एक लिफ्ट झाली होती, आणि पलीकडे दोन मीटरची गामोवा हात वर करून उभी होती. पडद्यावर मात्र शेवटचा हात तेवढा दिसतो.

२४–२४

पाचवा. अंतिम फेरीची पाच दारं एकामागून एक बंद झाली. नियमानुसार आता दोन गुणांची आघाडी हवी. म्हणजे २४ हा आकडा, ज्याच्यावर ब्राझील इतका वेळ उभा होता, त्याला अर्थच उरला नाही.

सेट रशियानं घेतला, २८–२६.

मी या सेटकडे जितक्यांदा वळतो तितक्यांदा एकच गोष्ट खुपते. १९ वरून २४ वर यायला रशियाला कसलाही चमत्कार करावा लागला नाही. लागोपाठ पाच रॅली जिंकणं व्हॉलीबॉलमध्ये रोज घडतं, कुठल्याही सेटच्या मध्यावर, ५–५ असताना किंवा ११–८ असताना, आणि त्याची आठवणही कुणी ठेवत नाही. तीच पाच रॅलींची लाट २४–१९ वर आली म्हणून ती आपत्ती ठरली.

पाचवा सेट

हा पंधराचाच. आठवर बाजू बदलायची. थकलेला संघ सावरावा इतकी लांबी त्याच्यात नसते. दोन दिवसांपूर्वी अमेरिकेविरुद्ध हाच सेट ब्राझीलनं १५–६ असा उधळून लावला होता. या वेळी शेवटपर्यंत झुंज झाली आणि इथेही बरोबरीनंतर दोन गुणांसाठी ओढाताण झाली. सामना संपेपर्यंत ब्राझीलनं एकूण सात मॅच पॉइंट गमावले होते.

रशिया १६–१४. सामना ३–२.

सलग चौथ्या ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलच्या मुली उपांत्य फेरीत अडल्या. फरक इतकाच, की आधीच्या तिन्ही वेळा त्यांना क्यूबानं हरवलं होतं. या वेळी लोक म्हणाले, त्यांनी स्वतःलाच हरवलं.

दोन दिवसांनंतर

२८ ऑगस्ट. कांस्यपदकाच्या सामन्यात क्यूबा समोर. ब्राझीलला एकच सेट जिंकता आला, तीन गेले. पदक नाही. जेत्यांच्या चौथऱ्यावर पाय ठेवण्याची ताकद त्या संघात नक्की होती, पण गुरुवारच्या रात्रीनंतर उभं राहायला बळ उरलं नव्हतं.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर रशियाची अंतिम लढत चीनशी. रशियानं पहिले दोन सेट जिंकले, २–० अशी आघाडी घेतली आणि मग तीन सेट सलग गमावून सुवर्ण हातचं घालवलं. जे त्यांनी ब्राझीलला केलं तेच त्यांच्या वाट्याला आलं. ब्राझीलमध्ये काहींना त्यात समाधान वाटलं असेल. मला वाटत नाही. दोन दिवसांत त्या एका इमारतीत दोन संघ दोन सेटची आघाडी घेऊन कोसळले, हे आठवलं की फक्त या खेळाची भीती वाटते.

२९ ऑगस्टला, पुन्हा तिथेच, बेर्नार्दिन्योंच्या पुरुष संघानं इटलीला ३–१ हरवून सुवर्ण जिंकलं. जिबा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकाच घरातून दोन सुवर्णं निघणार होती. नवऱ्याचं आलं. बायकोला कांस्यसुद्धा मिळालं नाही. व्हेंतुरिनीसारखी लिफ्टर ब्राझीलला फार थोड्या वेळा लाभली आणि तिच्या गळ्यात ऑलिम्पिक सुवर्ण कधीच पडलं नाही. २४–१९ चा विषय निघाला की लोक मारीबद्दल बोलतात. मला व्हेंतुरिनी आठवते, तेहतीस वर्षांची, पुढची संधी नसलेली.

त्यानंतर

मारी ब्राझीलला परतली ती ‘पिवळी पडलेली’ मुलगी होऊन. तीसहून अधिक गुण कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. एका संध्याकाळी संघाला २४ पर्यंत घेऊन येणारा हात आणि पंचविसावा गुण न मिळवू शकलेला हात एकच होता, एवढी साधी गोष्ट सांगायला कुणी पुढे आलं नाही. एकवीस वर्षांच्या मुलीवर देशाचं दुःख असं टाकणं क्रूर होतं, आणि मी हे जपून, शब्द निवडून लिहितो आहे.

आणि आपत्ती एका रात्रीत संपली नाही. नोव्हेंबर २००६, जपान, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी: रशिया, पाच सेट, हार. २००७, रिओ, पॅन अमेरिकन स्पर्धेची अंतिम फेरी, घरच्या माणसांसमोर: क्यूबा, पाच सेट, हार, पुन्हा मॅच पॉइंट गमावून. दर वेळी तोच आकडा वर यायचा. अथेन्सला नसलेल्या मुलींनाही तो चुकला नाही.

मधल्या काळात झे रॉबर्तोंनी एक शांत, धाडसी गोष्ट केली. ऑपोझिटच्या जागी शैला आणली आणि मारीला काढून न टाकता डाव्या कडेला नेलं. म्हणजे आता तिला सर्व्हिस घ्यावी लागणार, पास द्यावा लागणार, मागच्या ओळीत जमिनीवर पडावं लागणार. ज्या मुलीला लोक फक्त एका न पडलेल्या स्मॅशसाठी ओळखत होते, तिला त्यांनी खेळाची बाकीची अंगं शिकायला लावली. ती इटलीत, पेझारोला खेळून आली. २००८ च्या ग्रां प्रीत ब्राझील जिंकला.

बीजिंग, २३ ऑगस्ट २००८. मारीचा पंचविसावा वाढदिवस. ऑलिम्पिकची अंतिम फेरी, समोर अमेरिका. तोवर स्पर्धेत ब्राझीलनं एकही सेट गमावला नव्हता, रशियाविरुद्धसुद्धा नाही. अंतिम फेरीत तेवढा एक गेला, आणि निकाल ३–१. अथेन्सच्या त्या रात्रीच्या बारा जणींपैकी सहा जणी तिथे होत्या: मारी, वालेव्स्का, फाबियाना, फोफाऊं, वालेस्किन्या, सासा. चार वर्षांपूर्वी व्हेंतुरिनीच्या मागे बाकावर बसलेली फोफाऊं आता पहिली लिफ्टर होती, अडतीस वर्षांची. झे रॉबर्तो पुरुष आणि महिला या दोन्ही संघांसह ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारे पहिले प्रशिक्षक झाले. शेवटचा गुण पडल्यावर मारीनं ओठांवर बोट ठेवलं. शांत राहा. तिला कुणाला सांगायचं होतं हे घरी पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं असणार.

२०१२, लंडन. ७ ऑगस्ट, उपांत्यपूर्व फेरी, ब्राझील विरुद्ध रशिया. पाचवा सेट. या वेळी मॅच पॉइंट रशियाकडे होते, एक नाही, सहा. ब्राझीलनं सहाही वाचवले आणि सेट २१–१९ असा घेतला. चार दिवसांनी दुसरं सुवर्ण. बाकाजवळ झे रॉबर्तो होते. मैदानावर अथेन्सची एकटी फाबियाना उरली होती.

मारी त्या संघात नव्हती. ऑलिम्पिकसाठी अंतिम बारा जणी निवडताना तिचं नाव वगळण्यात आलं होतं.